थे दूध माह्यं होतं

माह्यं माहेर महागाव तालुक्यातलं, पन गावाचं नाव राहू द्या ताई, लहान गाव आहे, तिथी एकानं वाचलं की सगळ्याले मालूम पडते. बाबा महागावच्या बाजारात कापसाच्या गाड्या खाली कराचे, माय दुसऱ्याच्या वावरात जाये, आम्ही तिघी बहिनी, मी मधली. बाबाचं एकच म्हननं, पोरीहो शिका. अन् मायचं एकच म्हननं, हळू बोला. मले पहिल्यांदा पाळी आली तवा मायनं जुनं लुगडं फाडून हातात देल्लं अन् म्हनलं, बापाले दिसू देऊ नको, बस एवढंच, त्याच्यावर ना तिनं काही सांगतलं ना मी इचारलं. आता तुम्ही म्हनसान हे कायले सांगून राह्यली, तं सांगते अशासाठी की अंगाची गोष्ट म्हनजे लपवाची गोष्ट, हे माह्यात इतकं बसलं होतं की मी बारावी झाली, शिवनक्लास केला, मशीन येते, मोबाईल येते, पन हे काही निघालं नाही.

लग्न होऊन मी यवतमाळले आली. नवरा घरं रंगवते, मानूस चांगला आहे, कधी मले वाईट शब्द नाही बोलला. सासरे नाहीत, सासू आहे, तिले डोळ्यानं कमी दिसते पन हातानं सगळं काम करते. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कपडे शिवाची एक कंपनी आहे, नाव नका लिहू, तिथी मी लागली. शाळेचे शर्ट शिवतो आम्ही, पांढरे. एक बाई कॉलर लावते, दुसरी बाही, तिसरी काज-बटन, असा माल पुढे पुढे सरकते. मी बाहीवर. एक उठली की तिच्यापाशी गठ्ठा साचते अन् पुढची रिकामी बसते, म्हनून लघवीले जाचं तरी बाया दहा वेळा इचार करतात.

मले दिवस गेले तवा ठेकेदार म्हने, चार महिने जागा ठेवतो, त्याच्यावर नाही ठेवत. पोरगी झाली. साडेतीन महिन्याची झाली अन् मी कामावर परत गेली, तिले सासूपाशी ठेवून, सोबत पावडरच्या दुधाचा डबा. ऊन लागाचे दिवस होते. पहिल्याच दिवशी अकरा वाजता, काय सांगू तुमाले, कोनाच्या तरी फोनमधी लेकरू रडलं, व्हिडिओ असन कोनता, अन् माह्या अंगातून दूध सुटलं. माहीत पडाच्या आधी कुर्ता समोरून ओला. मी ओढनी पसरवली, वरून बाह्यांचा गठ्ठा छातीपाशी धरला अन् तसंच शिवत राह्यली. लाईनवर चाळीस मशिनी, तीस बाया अन् दहा मानसं, अन् आमचे सुपरवायझर, त्याईले सगळे सर म्हनतात, थे सारखे चकरा मारतात. मले वाटे, सगळे माह्याकडेच पाहून राह्यले. पाहत कोनीच नसन, पन मले तसं वाटे.

जेवनाच्या सुट्टीत संडासात गेली. बायांसाठी दोन संडास, एकाची कडी तुटलेली. तिथी भिंतीले खांदा लावून, दार एका पायानं दाबून धरून मी हातानं दूध पिळलं, खाली भोकात. ताई, थे पांढरं दूध तिथी, त्या घानीत जाताना पाहून मले जे वाटलं थे आजही सांगता येत नाही. घरी माह्यी पोरगी पावडर पीत होती अन् इथी मी हे करत होती. असे आठ-दहा दिवस केले. मंग छातीत गाठ झाली, ताप आला, अन् तिकडे पोरीले पावडर सोसली नाही, संडास लागली, गाल आत गेले तिचे. दवाखान्यातली नर्स बाई रागावली. म्हने, आईचंच दूध पाज, काढून ठेव, स्वच्छ भांड्यात काढ, बर्फात ठेव, घरी ने. मी हाव हाव केलं. पन काढू कुठी, हे काही तिले इचारलं नाही. तिले तरी काय माहीत.

कंपनीत झाडझूड कराले शेवंताबाई होत्या. पन्नाशीच्या पुढच्या, तांड्यावरच्या, बंजारा. त्यांनी मले एक दिवस संडासातून निघताना पाह्यलं, तोंड धुतलं होतं पन डोळे लाल. माह्या कुर्त्याकडे पाह्यलं अन् म्हनल्या, किती महिन्याचं आहे? मी सांगतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मले बोटानं बोलावलं अन् स्टोअरचं कुलूप उघडून देल्लं. तयार माल ठेवाची खोली, चावी झाडझुडीसाठी त्यांच्यापाशी राहे. म्हनल्या, जा याडी, आतून लोटून घे, मी इथी फरशी पुसते. याडी म्हनजे त्यांच्या बोलीत आई. मायच्या वयाची बाई मले आई म्हने.

तवापासून जेवनाच्या सुट्टीत मी भाकर पाच मिनिटात खाये अन् स्टोअरमधी जाये. शर्टाच्या गठ्ठ्यामागे उकिडवी बसे, भिंतीकडे तोंड करून. स्टीलचा गिलास घरून उकळून आने, दूध काढून बाटलीत भरे, बाटली बर्फाच्या थर्मासमधी. बाहेर शेवंताबाई तीच फरशी पुन्हा पुन्हा पुसत. कोनी आलं तं म्हनत, थांबा, ओलं आहे. त्यांची स्वतःची जेवनाची सुट्टी त्याच्यातच जाये, हे मले बऱ्याच दिवसानं ध्यानात आलं, अन् आलं तरी मी काही बोलली नाही, मले गरज होती ना. पोरगी सुधरली. सासू म्हने, बाटली पाह्यली की पाय नाचवते.

महिना-दीड महिना असा गेला. मंग एका शनिवारी मी आत असताना सरांचा आवाज आला, अगदी दारापाशी. शेवंताबाई म्हनल्या ओलं आहे साहेब, तं थे म्हने, कायले सारखं ओलं करून ठेवता, अन् कोनाले तरी फोन लावत तिथीच उभे. मी कुर्ता खाली ओढाले गेली अन् गिलासाले कोपर लागला. सगळं दूध गठ्ठ्यावर. पांढऱ्या शर्टावर पांढरं दूध, दिसत नव्हतं फार, पन ओलं झालतं. मी ओढनीनं टिपलं. वरचे चार शर्ट ओले होते थे खाली सरकवले, कोरडे वर घेतले. सर गेले तवा शेवंताबाईनं दार लोटलं, म्हनल्या, झालं का? मी म्हनलं, झालं. अन् निघाली. हे बघा ताई, इथीच सांगाचं होतं. फक्त तिले. चार शब्द. तिनं थे शर्ट काढून धुवून टाकले असते. पन मले लाज वाटली की हिनं माह्यासाठी एवढं केलं अन् मी हे करून ठेवलं, अन् घंटी झालती, मशीनवर बसाचं होतं. नाही सांगतलं.

रविवार सुट्टीचा. सोमवारी माल जाचा होता. गठ्ठा उचलला तं मुंग्या. आंबट वास. चारच नाही, दूध आत मुरलं होतं, पंधरा-वीस शर्टावर पिवळे डाग. सरांनी मशिनी बंद कराले लावल्या, थे शर्ट घेऊन लाईनच्या मधात उभे राह्यले अन् शेवंताबाईले बोलावलं. चावी कोनापाशी? माह्यापाशी साहेब. हे काय आहे? त्यांनी वाकून पाह्यलं, वास घेतला. मंग त्यांनी मान वर करून माह्याकडे पाह्यलं. एकदाच. किती वेळ पाह्यलं सांगता येत नाही. मी खाली पाहून बाहीची घडी सारखी करत होती, सारखीच होती ती घडी. अन् मले ऐकू आलं, त्या म्हनून राह्यल्या, चहाले दूध आनलं होतं साहेब, थैली फुटली, माह्याच हातून झालं.

सर म्हने, निघा आता, उद्यापासून येऊ नका.

मशिनी पुन्हा सुरू झाल्या. मी तीन बाह्या उलट्या लावल्या. काहून नाही बोलली, हे मी स्वतःले किती वेळा इचारलं. नोकरीचा भेव होता, हाव, पन खरं सांगू, तो दुसरा होता. पहिला भेव हा, की चाळीस लोकांत सर थे शर्ट हातात धरून उभे अन् मी म्हनाचं की हे माह्या अंगातलं दूध आहे. थे शर्ट बोटाच्या चिमटीत धरले होते त्यांनी, अंगापासून लांब.

त्याच्यानंतर स्टोअर बंद. मी परत संडासात. पन दूध कमी कमी येऊ लागलं, जेवन जाये नाही. सासू म्हने, काय झालं, नवरा म्हने, तब्येत दाखव. मी कोनाले सांगतलं नाही. दोन आठवडे असे काढले अन् एका रविवारी पोरीले कडेवर घेऊन शेवंताबाईचं घर इचारत गेली. त्या अंगनात तूर निवडत बसल्या होत्या. या म्हनल्या, पानी देल्लं. मी उभ्यानंच सांगाले सुरुवात केली अन् रडून राह्यली, नीट सांगता येईना. त्यांनी सगळं ऐकलं, हात सुपात चालूच. मंग म्हनल्या,

मले मालूम होतं. वासावरूनच समजलं. मी खोटं बोलली थे तुह्या लेकरासाठी बोलली. पन बोलून झाल्यावर मी वाट पाह्यली. फाटकापावेतो हळू हळू गेली, की पोरगी उठन, सर थांबा म्हनन. तू नाही उठली.

त्या रागानं नाही बोलल्या, रागानं बोलल्या असत्या तं सोसलं असतं. मंग त्यांनी सूप बाजूले ठेवलं, पोरीले घेतलं, तिचे पाय चोळले अन् म्हनल्या, हिची तब्येत झाली चांगली.

सोमवारी मी मशीनवर बसलीच नाही, सरांच्या केबिनमधी गेली. दार उघडं होतं, बाहेर ऐकू जाते. मी म्हनलं, सर, थे दूध माह्यं होतं. थे म्हने, कोनतं दूध, तुम्ही थैली आनली होती का? त्यांना समजलंच नाही. मंग मले पुन्हा म्हनावं लागलं. थैली नाही सर, माह्यं. लेकराले पाजतात थे. शेवंताबाई बाहेर राखन बसत, मी आत काढत होती, माह्या हातून सांडलं. सरांचे कान लाल झाले. थे कागद पाहाले लागले. म्हने, ठीक आहे, ठीक आहे, जा तुम्ही. मी म्हनलं, त्याईले परत बोलवा. थे म्हने, ठेकेदारानं दुसरी बाई लावली, आता नाही होत. मी लय इनवलं. नाही झालं.

मले काढलं नाही. आठ दिवसानं सरांनी फर्स्ट-एडची खोली दूध काढाले साफ करून देल्ली, आतून कडी बसवून. काही बाया हसल्या, काही दिवस. मंग त्यातलीच एक पोट्टी बाळंत होऊन आली अन् मले हळूच इचारे, ताई, तुम्ही जात होत्या थी खोली कोनती? मी तिले नेऊन दाखवली. आता तिघी जातात. लोक म्हनतात, तुह्यामुळे झालं, तवा मले जमिनीत जावं वाटते. माह्यामुळे कुठी झालं?

पोरगी आता दोन वर्षाची आहे, भाकर खाते, खूप बोलते. शेवंताबाईले एका वसतिगृहात भांड्याचं काम भेटलं, लांब पडते, पायी जातात, गुडघे दुखतात. मी महिन्या-दोन महिन्यानं जाते. चहा पाजतात, पोरीशी बोलतात. मले आता याडी म्हनत नाहीत, नावानं बोलावतात. त्याईले सुख लागो, एवढंच म्हनते मी, दुसरं माह्या हातात काही नाही.

हे मी नवऱ्यालेही पुरं सांगतलं नाही अजून. तुम्ही लिहून राह्यल्या तं लिहा ताई, माह्यं नाव नका लिहू. शेवंताबाईचं लिहा. दूध त्यांनी सांडलं नव्हतं.