टेस्केच्या परसातला चर

स्वस्त का म्हणून काय विचारतोस, घरात काही खोट नाही! भिंती ठणठणीत, छप्पर परवा-परवा नवं घातलंय — ये, कुंपणापाशी ये, एजंटबाई फोनवर आहेत तोवर बोलू — मी मार्लीस, शेजारीण, इथं सगळे मलाच विचारतात. भूतबीत? छे रे! घराचा मालक टेस्के चांगला जिवंत आहे, डलूथला बहिणीकडे असतो. त्या ब्रिनच्या भानगडीनंतर गेला. ब्रिन माहीत नाही तुला? कुठल्या गावचा तू? टीव्हीवर आलो होतो आम्ही!

ब्रिन म्हणजे त्या कोपऱ्यावरच्या घरातली, नऊ वर्षांची, जिभेला हाड नाही. ऑक्टोबरात शाळेला चार दिवस सुट्टी असते ना, त्याच्या आदल्या दिवशी पोरगी घरी आलीच नाही. आई वेडीपिशी. बाप वेगळा राहतो, तो फोन उचलेना — तो कधीच उचलत नाही म्हणा. पण गावानं काय केलं म्हणून सांगू! त्या दिव्याच्या खांबाखाली तिचा फोटो, मेणबत्त्या, कापडी अस्वलांचा हा ढीग, झाडाझाडाला जांभळ्या फिती. हॉटडिश, म्हणजे बटाटे-खिमा घालून भाजलेलं आमच्याकडचं जेवण, तर इतक्या गेल्या तिच्या आईकडे, की फ्रिजचं दार लागेना. दुसऱ्या दिवशी पोरगी जिवंत आहे असं म्हणणारं कुणी उरलंच नव्हतं. मी टीव्हीवर रडले. रडले तेवढंच दाखवलं मेल्यांनी, बोललेलं कापलं. तशी मला ती फारशी आवडायची नाही, टोमॅटो तोडायची माझे — पण रडू येतं म्हणजे येतं, नाही का?

आणि तशात हा टेस्के मागच्या परसात खणतोय! माझ्या मोरीसमोरच खिडकी आहे, दिसणारच. लांबलचक चर, पोर सहज मावेल एवढा. घाम पुसतोय, इकडेतिकडे बघतोय, माती ओढतोय. मी काही आरोप केला नाही हं. गावाच्या ग्रुपवर एवढंच टाकलं, ‘टेस्के आज एवढं लांब काय पुरतोय, कुणाला ठाऊक आहे का? सहज विचारलं.’ प्रश्नचिन्हसुद्धा होतं! पण लोक म्हणजे काय — राईचा पर्वत. एक म्हणे तो पोरांना चॉकलेटं वाटतो, दुसरी म्हणे आयोवातून का पळाला विचारा, तिसऱ्यानं तर लेनोरला, त्याच्या बायकोला, त्यानंच मारलं म्हणून सांगितलं. लेनोर कॅन्सरनं गेली रे, मी होते उशाशी. पण कुणाकुणाचं तोंड धरणार?

संध्याकाळी खांबाखालची सगळी गर्दी उठली ती थेट इथंच — एका हातात मेणबत्ती, दुसऱ्या हातात फावडं. दातांचे डॉक्टर, फुटबॉलचे कोच, चांगली चांगली माणसं. टेस्केला दोघांनी भिंतीला दाबून धरलं, चष्मा फुटला त्याचा. आणि निघालं काय? हसशील तू — गुलाब! इथल्या थंडीत झाड उभं टिकत नाही ना, म्हणून पानगळीत फांद्या सुतळीनं आवळायच्या, एका बाजूची मुळं मोकळी करायची, अख्खं झाड चरात आडवं निजवायचं आणि वर माती ओढायची. वसंतात परत उभं करायचं. लेनोरनं लावलेले गुलाब ते. दरवर्षी तीच करायची हे, सुतळी धरायला मी असायचे, हातांची नुसती चाळण व्हायची —

काय?

हो, म्हणजे, माहीत होतं तसं. पण त्या वेळी सुचतं का? पोर हरवलेलं, गाव रडतंय, आणि मी गुलाबांचा विचार करत बसू? असा बघू नकोस बाबा.

टेस्के एवढंच म्हणाला, ‘माती परत ओढा, आज हिम पडणार आहे.’ पण ऐकायला थांबलं कोण? सकाळी सगळी झाडं काळी पडली होती.

रविवारी ब्रिन आली की! बापाबरोबर, हातात हा एवढा मासा. या सुट्टीत पोर आपल्याकडे राहणार असं आईलाही वाटलं, बापालाही वाटलं, तो शाळेतूनच तळ्यावर घेऊन गेला होता. कार्टी मेणबत्त्यांपुढे उभी राहून विचारते, ‘कोण मेलं?’ आणि मग अस्वलं मागायला लागली! आम्ही हसून हसून बेजार.

मग टेस्केसाठीही सभा घेतली आम्ही. उरलेली अस्वलं त्याच्या फाटकाशी मांडली, गाणी म्हटली, गळ्यात गळे घालून रडलो, त्याला माफ केलं. कशाबद्दल म्हणजे? माफी काय अशी मोजूनमापून करतात? त्यानं पडदा ओढून घेतला. माझी हॉटडिश झाकणसुद्धा न काढता पायरीवर परत! मेमध्ये ती काळी लाकडं उपटून रचली आणि गेला, मला हातसुद्धा केला नाही. इतक्या वर्षांची शेजारीण मी.

जा, एजंटबाई बोलावतायत. घर घे, गाव प्रेमळ आहे. एकटाच राहणार ना? मग गाडीत मागे लहान मुलाची खुर्ची कशाला? आणि ती घोंगडी कशावर टाकलीय? नको, नको सांगूस. मी आपलं सहज विचारलं.