उताराआधीची निवड

"ब्रेक बदलल्याशिवाय मला गाडीत बसायला बोलवू नका," काकूंनी बजावलं होतं. म्हणून काका आपल्या जुन्या स्पोर्ट्स कारसाठी दुकानात ब्रेकच्या डिस्क बघत होते. मागे रांग खोळंबली होती.

"ही भोकांची द्या. किती देखणी आहे!"

"आहे हो. पण तापून भोकापाशी तडकली तर?" दुकानदार म्हणाला.

"मग दुसरी दाखवा… नको, तीच बघू."

"काका, डिस्क निवडताय की जावई?" रांगेतून एक पोरगा ओरडला.

"थांब रे बाबा! गेल्या वेळी उतारावर ब्रेक तापून लागेचना. त्यानंतर तुझी काकू गाडीत बसलीच नाही."

"मग ही साधी, जाड घ्या. आतून हवा खेळते, तापत नाही," दुकानदारानं दुसरी डिस्क पुढे केली.

"रूप नाही हो हिला."

"रूपावर गाडी थांबते का?"

"…द्या. आधी एकटा उतरून बघेन, असं कबूल केलंय तिला."

डिस्क बसल्यावर काका रिकामी गाडी घेऊन एकटेच उताराकडे निघाले.