अर्ध्यावर थांबलेला भाग

सदर भागातल्या डिश टीव्हीवाल्याकडे रांगेत उभ्या भैरवीच्या कानावर पुढच्या म्हाताऱ्या नवरा-बायकोचं बोलणं पडत होतं.

“आता डिशच घेऊ वं. ते ऑनलाइनवालं बंद करून टाकू.”

“नका ना जी. डिशवर कोण काय पाहून राहिलं, कोणाले कळते? ऑनलाइनवर आपल्या दुर्गेशच्या नावाखाली दिसते, तो कुठवर पोचला ते.”

“सहा महिन्यांपासून पोरगा घरी नाही. फोनबी उचलत नाही.”

“पण जिथं असन तिथून तो आपल्याच खात्यावर रोज मालिकेचा एक भाग पाहते. म्हणजे बरा आहे.”

“अन् आता काहून रडून राहिली?”

“सोमवारपासून एकच भाग अर्ध्यावर थांबला आहे.”

“माहीत आहे मले. मीबी रोज पाहतो. म्हणूनच बंद करू म्हणतो.”