चालू औषधे : नाही

— नाही मॅडम, तुमची ऑडिटची मोजणी चुकलेली नाही. रक्ततपासणीचे शंभरातले ब्याण्णव फॉर्म पूर्ण भरलेले, बरोबर आहे. फक्त ते डॉक्टरांनी भरलेले नाहीत, मी भरलेत. हो, मीच, या लॅबच्या खिडकीवर नमुने जमा करून घेणारा. वॉर्डातून फॉर्म येतो कसा? नाव, वय, खाली कोंबडीचे पाय उमटावेत तशी सही, बाकी कोरं. आणि नियम काय, तर अर्धवट फॉर्म नमुन्यासकट परत. परत म्हणजे पेशंटला पुन्हा सुई — म्हाताऱ्यांच्या हाताला शीर सापडत नाही हो. म्हटलं, दोन शब्द लिहिल्याने कुणाचं काय बिघडतं? ताप लिहिलं, अशक्तपणा लिहिलं — तो तर सगळ्यांनाच असतो. एकोणीस वर्षं झाली, हात बसला अगदी.

ते शिंपीकाका — तुमच्या यादीत चव्वेचाळिसावे. मांडीचं हाड मोडलेलं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, त्याआधी रक्त गोठण्याची तपासणी. 'चालू औषधे' कोरं होतं, मी लिहिलं 'नाही'. आणि ते रोज रक्त पातळ करायची गोळी घेत होते. रक्त गोठेना. औषध नाही म्हणजे आजारच असणार, लागले सगळे शोधायला — काकांना विचारलं नाही का म्हणता? विचारणार कोण, फॉर्मवर लिहिलेलं होतं ना. नऊ दिवस ऑपरेशन अडलं, पाठीला जखमा झाल्या माणसाच्या. शेवटी मुलीने घरून गोळ्या आणल्या तेव्हा उलगडा झाला.

बोलणी कुणी खाल्ली? त्या शिकाऊ डॉक्टरने. सही तिची ना. मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, हे कुणी लिहिलं? म्हणाली, मीच लिहिलं असेल सर, तीस तास ड्यूटी होती, आठवत नाही. मी तिथेच होतो, नळ्यांचा ट्रे घेऊन, दोन पावलांवर. मोजलेल्याच नळ्या परत मोजत राहिलो. लाज वाटते मॅडम, बायकोलाही सांगितलेलं नाही. ती पोरगी अजून काका म्हणते मला.

उद्या समिती बसतेय, तिला काढतील म्हणतात. म्हणून तुम्हाला सांगतोय — अहवालात लिहा, अक्षर तिचं नव्हतं. द्या तो कागद, मीच लिहितो... हे झालं. — सही? सही कशाला, तुम्ही ऐकलंत ना. — 'माहिती देणाऱ्याचे नाव'... निवृत्तीला चौदा महिने राहिलेत हो माझ्या. तेवढा रकाना राहू द्या कोरा. — अर्धवट घेत नाही म्हणता?

हो. माहीत आहे.

कागद तसाच न्या. बाजूला सरका जरा मॅडम, नमुने आलेत.