मामा आणि साउंड कार्ड

दिल्याला हुशार म्हणायच्या आधी हे ऐका. कॉम्प्युटरवर लिनक्स नवं होतं तवा त्यानं फलटणला घरी बसून साउंड कार्डाचा ड्रायव्हर, म्हंजी कार्डाकडनं आवाज काढून घेणारा प्रोग्राम, लिहिला. मशीन विचारायचं, "स्पीकर किती?" आणि सांगाल ते खरं मानायचं. आत जागा मात्र दोनाचीच.

दाखवायला बोलावलं कुणाला, तर जत्रेत कर्णे लावणाऱ्या मामाला! मामानं ऐटीत चाळीस दाबलं. मशीन किंचाळून बंद.

"आवं मामा, दोनच चालत्यात!"

"मग इचारतंय कशाला रं?"

दिल्यानं दुरुस्ती केली. दोनाच्या वरचा आकडा घ्यायचाच न्हाई. पण मामा रुसलेला. "मापून वाढणार असशील तर मला कायबी नको," म्हणाला आणि शून्य दाबलं.

मशीन आवाज स्पीकरांत वाटायला म्हणून शून्यानं भागायला गेलं आणि परत गार.

आता गड्या, मामा रुसणार ह्याची तजवीज लोक लग्नात करत्यात. ड्रायव्हरमधी कोण करतंय?