लाल तोंडाचा पाहुणा

आत्या : नाही म्हणजे नाही! रामा, फॅक्टरीच्या गेटवर तो हेमचंद्र भेटला की सांगून टाक, आमची शरयू तुझ्या घरी द्यायची नाही.

अण्णा : सांगतो, ताई. दुपारचा भोंगा होऊ दे, निघतोच आहे.

शकु : अच्छा! म्हणजे माझ्या दीदीचं लग्न फॅक्टरीच्या भोंग्यावर मोडणार? काहून पण? त्यानं केलं तरी काय?

आत्या : रविवारी पाहायला आला तेव्हा पाह्यलं नाही का तू? आला तेव्हा बरा होता. पानावरून उठला तर नाक, गाल, कपाळ, सारं लालबुंद! दारुड्याचं तोंड आहे ते, पोरी.

शकु : पानावरून उठला ना? मग आपण काय, वाटीत दारू वाढली होती?

आत्या : घरून पिऊन आला असंल. चढायला वेळ लागते.

शकु : वाढायला मीच होती, आत्या. त्याच्या पोटात काय चढलं ते मला विचार! वांग्याचा तर्रीवाला रस्सा. मग लवंगी मिरचीचा ठेचा. तो बिचारा ‘बस, बस’ म्हणून राहिला अन् तू ‘लाजून राहिला पाहुणा’ म्हणत त्याच्या पानात आणखी थापून राहिली. वरून उकळता चहा. बशीत ओतून फुंकर मारायला गेला, तर म्हणते कशी, गार चहा बिमार माणसं पितात!

आत्या : मग? आमच्या नागपूरकडं असाच पाहुणचार असते.

शकु : पाहुणचार कसला, बाँबहल्ला होता तो! तिकडे बॉर्डरवर लढाई चालू आहे, इकडे तू एकटीनं मोर्चा उघडला.

अण्णा : शकु, जीभ सांभाळ.

शकु : मी सांभाळली असती, अण्णा, पण आत्याच्या ठेच्यानं सांभाळवत नाही.

आत्या : हसून घे. वहिनी गेल्यापासून तुम्हा पोरींचं बरंवाईट मलाच पाहायचं आहे. अन् मला माणसाचं तोंड वाचता येते. या रामाकडं पाह. जन्म गेला भट्टीपुढं, पण तोंड कसं? दह्यासारखं! निर्व्यसनी माणसाचं तोंड असंच राहते.

अण्णा : ताई, माझा डबा कुठं ठेवला?

आत्या : तुझ्या हातातच तर आहे.

शकु : दीदीला कोणी विचारलं का? सकाळपासून ती मोरीत एकच पातेलं घासून राहिली. भोक पडेल त्याला. आणि ऐका, आता सांगूनच टाकते. काल आम्ही सराफ्यात दीदीचं तुटलेलं पैंजण डाख द्यायला नेलं ना, तिथं तो भेटला.

आत्या : अगं बाई! रस्त्यात बोलल्या?

शकु : छे, दुकानात. रस्त्यात काय बोलायचं, आम्ही घरंदाज आहोत! तेव्हा त्याचं तोंड नुसतं पेरूच्या फोडीसारखं, जरासं गुलाबी. अन् आपली दीदी, जी कधी मान वर करत नाही, तिनं सरळ विचारलं, तुम्ही पिता का?

अण्णा : शरयूनं विचारलं?

शकु : हो! मी तर तिथंच मेली. तो म्हणे, नाही पीत, पण तुमच्या आत्यांचा ठेचा मला जबर चढला.

आत्या : मेला आगाऊ दिसते.

शकु : कातडीची बिमारी आहे ती, आत्या. डॉक्टरनं नाव सांगितलं त्याला, रोझेशिया.

आत्या : नावच बाटलीवरचं वाटते.

शकु : ऐक तर! ती कोणाची कोणाला लागत नाही. पूर्ण जातही नाही, सांभाळावी लागते. कोणाची कशानं भडकते, कोणाची कशानं. त्याची तिखटानं अन् कढत चहानं. दारूनंही काहींची भडकते म्हणे. पण लाल झाला म्हणजे प्यायलाच, हे कुठलं गणित? आमच्या गणिताच्या बाई तुला बाकावर उभी करतील.

आत्या : तुझं गणित शाळेत ठेव. तोंड खोटं बोलत नाही. रामाला मी वाढवलं. नुसतं तोंड पाहून सांगत होती, याच्या पोटात काय आहे ते.

शकु : अच्छा? मग आता सांग.

अण्णा : शकु!

शकु : सांग ना, आत्या. तांदळाच्या कोठीमागं एक बाटली असते. दीदी झाडताना ती उचलते, पुसते अन् जिथल्या तिथं ठेवते. कधी बोलत नाही. तीही हेमचंद्राचीच असेल का?

(बाहेर फॅक्टरीचा भोंगा वाजतो.)

आत्या : रामा?

अण्णा : डबल शिफ्ट असते, ताई. लढाई लागल्यापासून पाठ धरते. थोडीशीच घेतो.

शकु : लढाई आत्ता लागली, अण्णा. बाटली दिवाळीतही होती.

अण्णा : ...निघतो. गेटवर उभा असेल तो.

शकु : काय सांगणार त्याला?

अण्णा : रविवारी जेवायला ये, म्हणतो.

शकु : दीदी! ठेव ते पातेलं!

आत्या : चहा गार करून देऊ म्हणावं. अन् थांब रे जरा. शकु, खिडकीला ब्लॅकआउटचा काळा कागद लावला आहे ना, तो काढ.

शकु : काढते. दिवसा चालते. पण काहून?

आत्या : हे दह्यासारखं तोंड मला एकदा उजेडात पाहू दे.