स्कूटरच्या मागचा गोऱ्हा

...नाई, तुमी हसा, तुमचं काय जाते हसाले! तुमच्या बाजूच्या क्वार्टरात देवराव नाई राहत ना! म्हणून तं तुमाले सांगतो, माणसानं दुनियेत कोणालेही खूश करावं, फोरमनले करावं, बायकोले करावं, गेटवरच्या वॉचमनले करावं, पण सासऱ्याले खूश कराच्या भानगडीत पडू नये!

आता हे देवराव कोण, तं सेक्टर सहात माझी अन् त्याइची भिंत एक. स्टील प्लांटात अकाउंटमध्ये आहेत. बाप रेल्वेत, म्हणून जन्म रेल्वे क्वार्टरात, मंग नोकरी लागली तं कंपनीच्या क्वार्टरात, म्हणजे ह्या माणसानं माती पाह्यली ते तुळशीच्या कुंडीतली. अन् सासरा केला कोण? लाखनीकडचे मारोतराव! शंकरपटातलं मोठं नाव. शंकरपट म्हणजे बैलजोड्याइची शर्यत हो, तिकडे भंडाऱ्याकडे लोकं पोरीच्या लग्नाले उशिरा जातीन पण पटाले नाई. अशा माणसाच्या घरी हे देवराव पोरगी पाहाले गेले. पोहे झाले, चहा झाला, मारोतरावनं मोठ्या हौसेनं गोठ्यात नेलं, आपला पटाचा पांढरा बैल दाखवला, अन् देवरावले वाटलं आपण काईतरी विचाराले पाहिजे, नाई तं बरं दिसत नाई... विचारलं काय? "दूध किती देते?"

बैल हो! बैल! गोठ्यातला गडी बाहेर पळाला तोंड दाबून. मारोतरावनं पोरगी दिली, नोकरी पक्की होती म्हणून दिली, पण त्या दिवसापासून कोणाचं लग्न असो, बारसं असो, तेरवी असो, मारोतराव पंगतीत बसले का सांगणार, "आमचे जवाई लय हुशार, बैलाचं दूध काढते." अन् पंगत हसणार, अन् देवराव खाली मान घालून वरणात भात कालवत राहणार. कमलिनीवहिनी घरी येऊन रडायची. पोरगी मोठी झाली, रमा, सातवीत गेली, तिच्यासमोरही तेच. त्याच्या पोटात ते असं बसलं ना, का मरायच्या आधी सासऱ्याच्या तोंडून एकदा तरी "वा जवाई" ऐकीन. एवढंच. बाकी काई नाई पाहिजे माणसाले!

मंग मागच्या साली, चौऱ्याऐंशीत, रुआबांध्याच्या सुखराम राऊताची गाय मेली अन् एवढासा गोऱ्हा मागे राहिला. सुखराम आमच्याकडे दूध घालायचा. देवराव म्हणते, मी पाळतो! क्वार्टरच्या मागच्या आंगणात, पपईच्या झाडाले बांधला. नाव ठेवलं इस्पात. मी म्हटलं, देवराव, कावून? तं म्हणते, जुनवानीले पट भरते, त्याच्यात पोट्ट्याइचाही पट असते, पोट्ट्यानं आपल्या घरचा गोऱ्हा कासऱ्यानं धरून पळवायचा, झेंडीले जो पहिला पोचला तो जिंकला. आपली रमा पळवन. अन् सासऱ्याले बोलावतो पाहाले! मी समजावून सांगितलं, बाप्पा, सासऱ्याले खूश कराच्या भानगडीत पडू नका, तोपर्यंत गोऱ्ह्यानं भिंतीवरून मान टाकून माझी सारी मेथी खाल्ली होती. ते कोणी नाई विचारलं.

आता गोऱ्ह्याले धावाले शिकवायचं कसं? गावात पोरगंही सांगन, जनावर पुढे असते, माणूस मागे. मागून हाक, पराणीची काठी दाखव, शेपटी पिरगाळ, ते पुढे पळते. पण हे पडले प्लांटचे माणूस! ह्याइनं काय केलं, स्कूटरच्या पुढच्या हुकले ढेपीची, म्हणजे सरकीच्या पेंडीची, थैली लटकवली, स्कूटर सुरू केली अन् गोऱ्ह्याच्या पुढे निघाले! रोज सकाळी, फर्स्ट शिफ्टचा भोंगा व्हायच्या आधी, सेक्टर सहाच्या रोडवर पुढे देवराव, हेल्मेट घालून, मागे इस्पात, त्याच्या मागे कासरा धरून रमा, अन् रमाच्या मागे साऱ्या सेक्टरचे कुत्रे. देवराव स्पीडोमीटरकडे पाहून ओरडते, "पस्तीस! पस्तीस!" आता ते स्कूटर अशी, का स्टँडवर उभी असली तरी काटा पस्तीसवरच. पण तोंडाले कोण लागते?

अन् मारोतराव आले हो. एक थैली घेऊन, दोन दिवसासाठी. पटाच्या दिवशी सकाळी निघालो आमी जुनवानीले. पुढे देवरावची स्कूटर, मागे वहिनी, मांडीवर डब्बे, समोर उभी रमा. त्याइच्या मागे इस्पात, मोकळा, कासरा गळ्याले गुंडाळलेला. अन् त्याच्या मागे माझ्या स्कूटरवर मी अन् मारोतराव. मी कावून? कारण का शेजारी म्हणून जन्माले आलो!

सुपेल्याचं फाटक बंद. साऱ्या स्कूटरी, सायकली लाइनीत उभ्या, अन् लाइनीत हा गोऱ्हाही उभा, देवरावच्या नंबरप्लेटले नाक लावून. मालगाडी गेली, फाटक उघडलं, साऱ्याइनं एकदम किका मारल्या, धूर झाला, मले वाटलं आता हा भलत्याच्याच मागे जाऊन दुर्गले पोचते. पण नाई, शंभर आवाजातून त्यानं देवरावच्याच स्कूटरचा आवाज बरोबर धरला. मी मागे वळून मारोतरावले म्हटलं, पाह्यलं का बाबा? मारोतराव मिशीतल्या मिशीत म्हणते, "जनावर मानसाच्या मांगं चाल्लं. असं कोनी शिकोते का?" अन् थुंकले. माझ्या बुटाजवळ.

जुनवानीच्या मैदानात ही गर्दी! भजे तळून राहिले, भोंग्यावर कोणी नावं पुकारून राहिलं, झाडाखाली मोठ्या जोड्या झुली घालून उभ्या. मारोतरावले ओळखणारे चार म्हातारे तिथंही निघाले. लगेच पान आलं, बसाले खाट आली, अन् एकानं विचारलं, जवाई कोणता तुमचा? झालं! मारोतरावनं पान तोंडात घातलं अन् पुरा किस्सा सुनावला, बैलाचा, दुधाचा, सारा. देवराव तिथंच उभे होते, डब्बा घेऊन. मी त्याइच्या तोंडाकडे पाह्यलंच नाई. पाहवलं नाई, खरं सांगतो.

पुकारलं. सात-आठ पोरं आपापले गोऱ्हे घेऊन लाइनीत लागले, त्याच्यात आमची रमा, दोन वेण्या, कंपनीच्या शाळेचे पांढरे कॅनव्हासचे बूट. पंचानं सांगितलं, बाकी कोणी मैदानात नको, गाडीघोडे बाहेर. देवरावनं स्कूटर नेऊन बाभळीखाली लावली. तेव्हाही ह्या माणसाच्या डोक्यात ट्यूबलाइट पेटली नाई हो! माझ्याही नाई, पण माझा थोडीच होता सासरा!

झेंडी पडली. सारे गोऱ्हे सुटले, पोट्टे ओरडत मागे. इस्पातनं इकडे पाह्यलं, तिकडे पाह्यलं, पुढे कोणी नाई... अन् बसला. पाय मोडून, आरामात, अन् रवंथ करू लागला! रमा ओढून राहिली, "उठ ना रे, चल ना, पप्पा, ये उठ नहीं रहा!" मारोतराव खाटेवरून म्हणते, "गोऱ्ह्यासंग हिंदी बोलते हे पोट्टी." मंग पब्लिक हसाले लागली. हसणं असं पसरत गेलं ना मैदानभर, का भजेवाल्यानंही झारा टाकून दिला. बाकीचे गोऱ्हे झेंडीले पोचले, पहिला नंबर लागलाही, अन् इकडे रमा कासरा धरून एकटी उभी, ओठ दाताखाली दाबून. रडत नव्हती. ते जास्त वाईट होतं. अन् मारोतरावनं काय केलं, खाटेवर पाठ फिरवली, जशी ते पोरगी त्याइची कोणी नोहे.

तेव्हा देवरावचं सटकलं.

डब्बा माझ्या हातात दिला, अन् तरातरा बाभळीकडे गेले. किक मारली. नाई लागली. दुसरी मारली. नाई. मंग स्कूटर आडवी केली, पेट्रोल उतराले, साऱ्या जुनवानीसमोर ते स्कूटर कुशीवर घेऊन उभे, जसं लेकराले ढेकर काढाले धरते! पंच ओरडून राहिला, "ओ भाई साहब, गाड़ी बाहर!" वहिनी म्हणून राहिली, अहो नका, आणखी हसतील. देवराव काई ऐकत नाई. सरळ केली, किक मारली... फट्, फट्, फटफटफट!

अन् गोऱ्ह्याचे कान उभे झाले.

तुमाले सांगतो, असा उठला तो, असा उठला, का रमाचा एक बूट तिथंच राहिला! पुढे देवराव मैदानातून, हेल्मेट नाई, शर्ट फुगलेला, मागे इस्पात शेपटी वर करून, मागे रमा एका बुटावर, अन् पब्लिक हसता हसता उभी राह्यली अन् शिट्ट्या माराले लागली. धुळीतून आवाज येऊन राहिला, "पस्तीस! पस्तीस!" झेंडी गेली, पंच बाजूले उडाला. देवरावनं मागे वळून पाह्यलं, गोऱ्हा येते का नाई ते. येत होता हो, अगदी मागेच होता! पण समोर धानाच्या पैऱ्याचा, वाळल्या काड्याइचा, ढीग होता, तो नाई पाह्यला. स्कूटर, देवराव, ढेपीची थैली, सारं पैऱ्यात. फक्त मागचं चाक बाहेर, फिरत. अन् इस्पात तिथं आला, थांबला, अन् देवरावच्या आंगावरचा पैरा खाऊ लागला. शांतपणे. जिथं चष्मा होता तिथं थोडं चाटलंही.

आमी धावत गेलो. पंच म्हणते, बाद, मोटारीच्या मागे धावलेला गोऱ्हा पटात चालत नाई. बरोबर आहे, कोण भांडते? देवराव पैऱ्यात बसले, केसात काड्या, अन् मारोतराव धोतर सावरत येऊन राहिले. देवरावनं मान खाली घातली. म्हटलं आता ह्याच्यावर पुढचे वीस वर्षं पंगती हसतीन.

मारोतराव उभे राह्यले. गोऱ्ह्याकडे पाह्यलं, तो देवरावच्या कॉलरीतलं गवत ओढून राहिला होता. पाहत राह्यले म्हातारे. मंग खाली बसले, आपल्या हातानं जवायाच्या डोक्यातली एकेक काडी काढू लागले.

"जवाई," म्हणते, "म्या जिंदगीभर बैलं पयवले. सारे माह्या म्होरं पयाले, पराणीच्या भेवानं. माह्या मांगं कोनी आलं नाई." आणखी एक काडी काढली. "तुमच्या मांगं आलं. हे मले नाई जमलं."

वहिनी रडाले लागली. रमा हसून राहिली अन् रडूनही राहिली. अन् देवराव... काय सांगू, हिशेबाचा माणूस, कधी डोळे ओले नाई पाह्यले मी त्याइचे, म्हणते पैरा गेला डोळ्यात. गेला असन. माझ्याही गेला.

वापस येताना मारोतराव माझ्या स्कूटरवर बसलेच नाई. देवरावच्या मागे बसले, उलटे, गोऱ्ह्याकडे तोंड करून, सुपेल्यापासून सेक्टर सहापर्यंत त्याच्याशी बोलत. वहिनी अन् रमा माझ्याकडे आल्या, डब्ब्याइसकट.

म्हणजे गोष्ट चांगली झाली म्हणता ना? इथंच तं तुमी फसता! दोन दिवसासाठी आलेले मारोतराव म्हणाले, चार दिवस राहतो, गोऱ्ह्याचा लळा लागला. चार दिवसाचे आठ झाले. देवरावनं हळूच विचारलं, बाबा, तिकडे शेती कोण पाहते? तं म्हणते, पोरगा पाहते ना, पोरगा कायचा, जवाई असावा तं तुमच्यासारखा! मंग सासूबाई आल्या, त्याइलेही पाहाचा होता गोऱ्हा. मंग कोंड्याचं पोतं आलं. दोन खोल्याइचं क्वार्टर हो, किती माणसं मावतीन? देवरावची खाट माझ्या ओसरीत आली.

आता रोज सकाळी चहा पिता पिता भिंतीपलीकडून मारोतरावचा आवाज येते, दूधवाल्याले, पेपरवाल्याले, वहिनीच्या मैत्रिणीले, जो येईन त्याले, "आमचे जवाई म्हंजे हिरा हाय हिरा." देवराव माझ्या ओसरीत बसून ऐकते. मीही ऐकतो, दुसरीकडे जाऊ कुठं? ह्या एका वाक्यासाठी माणूस इतके वर्षं तरसला... अन् आता ते मिळालं, तं ऐकाले घर नाई.